ज्यांना राग आला ते वाचक

लंडनमधल्या एका वृद्ध गृहस्थांनी १७२६ च्या नोव्हेंबरात नुकतंच बाजारात आलेलं एक प्रवासवर्णन वाचलं आणि तडक नकाशा काढून ते त्यात लिलिपुट शोधू लागले. त्याच दिवसांत एका जहाजाच्या कप्तानाने एका सरदाराला ठासून सांगितलं, की गलिव्हरला आपण चांगलं ओळखतो. छापणाऱ्याची तेवढी चूक झाली आहे, तो रॉदरहाइथला नव्हे, वॉपिंगला राहायचा. हे दोन्ही किस्से डॉ. जॉन आर्बथनट यांनी डब्लिनला आपल्या मित्राला, जोनाथन स्विफ्टला, पत्राने कळवले. त्याच पत्रात राजघराण्याच्या सुनेची, राजकन्या कॅरोलाइनची, हकिगत आहे. आर्बथनट भेटायला गेले तेव्हा ती तेच पुस्तक वाचत होती. लिलिपुटच्या युवराजाच्या एका जोड्याची टाच उंच आणि दुसऱ्याची बुटकी, त्यामुळे तो लंगडत चालतो, या जागी ती आली होती आणि हसत होती. दोन्ही राजकीय पक्षांना खूश ठेवू पाहणारा तो लंगडा युवराज म्हणजे तिचाच नवरा होता.

‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ २८ ऑक्टोबर १७२६ रोजी लंडनला प्रसिद्ध झालं. त्यावर स्विफ्टचं नाव नव्हतं. आधी जहाजावर सर्जन आणि पुढे कप्तान झालेला लेम्युएल गलिव्हर हाच त्याचा लेखक, असं मुखपृष्ठ सांगत होतं. हस्तलिखित प्रकाशक बेंजामिन मॉटकडे गुपचूप पोहोचवलं गेलं, आणि पुस्तक निघण्याआधीच ऑगस्टमध्ये स्विफ्ट आयर्लंडला परतला होता. सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचा डीन म्हणून तो तिथे १७१३ पासून होता. पुस्तकाची किंमत साडेआठ शिलिंग. पहिली आवृत्ती आठवड्यात संपली. मंत्रिमंडळापासून लहान मुलांच्या खोलीपर्यंत सगळे हेच वाचताहेत, असं जॉन गे या कवीने स्विफ्टला लिहिलं. गंमत अशी, की हे कुणाचं पुस्तक म्हणून तुम्ही विचारता, आम्हाला तर काहीच ठाऊक नाही, असा आव लिहिणारे आणि वाचणारे सगळेच आणत होते. एका आयरिश बिशपने म्हणे हे पुस्तक अशक्य थापांनी भरलेलं आहे असा निकाल दिला, आणि आपला तर त्यातल्या एका शब्दावरही फारसा विश्वास बसत नाही असंही सांगितलं. हे स्विफ्टनेच आपला मित्र, कवी पोप याला पत्रात लिहिलं आहे, आणि लिहिताना त्याला किती आनंद झाला असेल हे त्या पत्रात दिसतं.

या गोष्टी मला फार आवडतात. पण स्विफ्टच्या वाचकांविषयी जसजसं वाचत गेले तसतशी माझी ओढ दुसऱ्याच लोकांकडे वळली. ज्यांना हे पुस्तक वाचून राग आला, ज्यांनी ते मिटून दूर सारलं, ज्यांनी त्याची पानं गाळली, त्यांच्याकडे. गेल्या तीनशे वर्षांत स्विफ्टला सगळ्यांत खोलवर वाचलं असेल तर ते त्यांनी, असं माझं मत होत गेलं आहे. आपल्याला जग रिझवायचं नाही, डिवचायचं आहे, असं स्विफ्टने पुस्तक निघण्याच्या वर्षभर आधी पोपला लिहिलं होतं. नकाशा उघडणारे गृहस्थ रिझले. डिवचले गेले ते दुसरे.

गेच्या त्याच पत्रात अशी दोन माणसं भेटतात. एक लॉर्ड बॉलिंगब्रोक. स्विफ्टचा जुना मित्र, ज्याच्याबरोबर त्याने सत्तेचे दिवस पाहिले, तोच माणूस. त्याला पुस्तक मुळीच रुचलं नाही. माणसाच्या स्वभावाची किंमत कमी करणारं हे काम घातक परिणामांचं आहे, असं त्याचं म्हणणं. दुसरी मार्लबरोची वृद्ध डचेस सेरा. एके काळी राणी ॲनची सगळ्यांत जवळची बाई. स्विफ्टने तिच्यावर आणि तिच्या सेनापती नवऱ्यावर वर्तमानपत्रांतून असे काही वार केले होते, की तिने त्याचं नावही काढू नये. पण हे पुस्तक वाचल्यापासून तिला दुसरं काही सुचेना. आपलं सारं आयुष्य माणसांतल्या सर्वांत वाईट माणसांना कुरवाळण्यात आणि सर्वांत चांगल्यांना शत्रू मानण्यात वाया गेलं, हे आपल्याला आता कळलं, असं ती म्हणाली. हा गलिव्हर आपला हाडवैरी असला तरी त्याच्या मैत्रीसाठी आजच्या सगळ्या ओळखी सोडून देईन, असंही.

डचेसची ही प्रतिक्रिया मी कितीदा तरी वाचली आहे. साठी उलटलेली, दरबार, युद्धं, पैसा, अपमान सगळं पाहिलेली बाई एका गोष्टीच्या पुस्तकापाशी थांबून स्वतःचा हिशेब मांडते. पुस्तक वाचून ती हसली का, तिला ते मजेदार वाटलं का, याचा गेच्या पत्रात उल्लेख नाही. तिला ते लागलं, एवढं मात्र स्पष्ट आहे.

स्विफ्टला वाचक कसा हवा होता, याचा एक सुगावा डब्लिनचा प्रकाशक जॉर्ज फॉकनर देतो. फॉकनरने १७३५ मध्ये स्विफ्टचं लेखन चार खंडांत काढलं, आणि मॉटने घाबरून बदललेले, बोथट केलेले कितीतरी मजकूर तिथे पहिल्यांदा मूळ रूपात आले. तो सांगतो, की छापायचा मजकूर डीनला वाचून दाखवताना घरातले दोन नोकर ऐकायला बसवले जात. डीनला शंका आली की तो त्या दोघांना अर्थ विचारी. त्यांना कळलं नाही तर तिथल्या तिथे बदले, आणि त्यांना पुरतं समजेपर्यंत बदलत राही. इंग्रजी गद्यात इतकं लख्ख लिहिणारे फार थोडे, आणि त्या लख्खपणामागे दोन नोकरांचे कान आहेत. त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत.

त्याच साध्या भाषेने आधी एकदा अख्ख्या शहराला वाचक केलं होतं. लंडनच्या सरकारने १७२२ मध्ये विल्यम वुड नावाच्या एका व्यापाऱ्याला आयर्लंडसाठी लाख पौंडांहून अधिक किमतीची तांब्याची नाणी पाडण्याचा परवाना दिला. आयर्लंडच्या संसदेला कुणी विचारलंही नाही. हलक्या नाण्यांनी देशातलं सोनं-चांदी बाहेर जाईल या भीतीने लोक धास्तावले. तेव्हा स्विफ्टने १७२४ मध्ये एका साध्या कापड दुकानदाराच्या नावाने पत्रकं लिहिली: ही नाणी घेऊ नका. चौथ्या पत्रात तो नाण्यांपलीकडे गेला. आयर्लंडचे लोक इंग्लंडच्या लोकांइतकेच स्वतंत्र आहेत, आणि असायला हवेत, असं त्याने लिहिलं. सरकारने लेखकाचं नाव सांगणाऱ्याला ३०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. छापणाऱ्या जॉन हार्डिंगला तुरुंगात टाकलं. लेखक कोण, हे डब्लिनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, व्हाइसरॉयलाही. पण ३०० पौंड घ्यायला एकही माणूस पुढे आला नाही. बायबलमधला एक उतारा मात्र तोंडोतोंडी फिरत राहिला: योनाथानाला मारायला निघालेल्या राजाला लोक अडवतात आणि त्याच्या केसालाही धक्का लागू देत नाहीत, तो. योनाथान, म्हणजे जोनाथन. पुढच्या वर्षी वुडचा परवाना मागे घेतला गेला.

वाचकांच्या प्रतिक्रियांविषयी बोलताना आपण स्तुती, टीका, खप यांचा विचार करतो. एका गरीब शहराने दिलेलं हे मौन यांतल्या कशात बसवायचं? मला तरी एखाद्या लेखकाला मिळालेला याहून मोठा प्रतिसाद माहीत नाही.

गलिव्हरचं मात्र तसं झालं नाही. त्याला सगळ्यांनी हातोहात घेतलं आणि सगळ्यांनी थोडं थोडं कापलं. आबे देफोंतेन यांनी १७२७ मध्ये त्याचं फ्रेंच भाषांतर केलं आणि जे फ्रेंच अभिरुचीला मानवणार नाही ते गाळलं. वर स्विफ्टला तसं पत्रही लिहिलं. स्विफ्टने त्यांना फ्रेंचमध्येच उत्तर दिलं: जे पुस्तक एकाच शहराला, एकाच प्रांताला किंवा एकाच काळाला लागू पडतं ते भाषांतराच्याच काय, वाचण्याच्याही लायकीचं नसतं, दुर्गुण आणि मूर्खपणा तर सगळीकडे सारखेच आहेत. उत्तर अत्यंत सभ्य भाषेत आहे, आणि त्यातली जखम झाकलेली नाही. तिसऱ्या भागात हवेत तरंगणाऱ्या लापुटा बेटाविरुद्ध लिंडालिनो नावाचं शहर बंड करतं आणि जिंकतं, असा पाच परिच्छेदांचा प्रसंग आहे. लिंडालिनो म्हणजे डब्लिन, हे कुणालाही दिसावं. तो ना मॉटने छापला, ना फॉकनरने. तो पुस्तकात यायला १८९९ साल उजाडावं लागलं.

मग मुलांच्या आवृत्त्या आल्या. त्यांनी चारातले दोन प्रवास ठेवले, बुटक्यांचा आणि राक्षसांचा. राजवाड्याची आग गलिव्हर लघवी करून विझवतो, ते गेलं. राक्षसांचा राजा युरोपचा इतिहास ऐकून घेतल्यावर माणसांविषयी काय म्हणतो ते मऊ झालं. आपल्याकडे मराठीतही हीच परंपरा आली. माझ्या पिढीच्या बहुतेकांनी गलिव्हर वाचला तो शाळेच्या ग्रंथालयातल्या सत्तर-ऐंशी पानी पुस्तकात. जमिनीवर आडवा पडलेला, सुतांनी बांधलेला मोठा माणूस आणि त्याच्या छातीवरून चालणारे चिमुकले धनुर्धारी, हे चित्र मनात कायमचं राहिलं. त्या पुस्तकाने मला आनंदच दिला, त्याविषयी तक्रार नाही. पण त्यात गलिव्हर घरी सुखरूप परत येतो आणि गोष्ट संपते. स्विफ्टच्या पुस्तकात तो घरी परततो तेव्हा खरी भीती सुरू होते.

एका मुलीला मात्र ती भीती दोनच प्रवासांत कळली. शार्लट ब्राँटीच्या १८४७ च्या ‘जेन एअर’ या कादंबरीतली दहा वर्षांची पोरकी जेन गलिव्हर खरी हकिगत समजून वाचते. पऱ्या तिला कुठे सापडल्या नाहीत, तेव्हा त्या इंग्लंड सोडून गेल्या असाव्यात अशी तिने स्वतःची समजूत घातलेली असते. पण लिलिपुट आणि ब्रॉब्डिंगनॅग पृथ्वीवर कुठेतरी आहेतच, आणि एक दिवस आपण समुद्र ओलांडून ते पाहू, याविषयी तिला शंका नाही. मग मामी तिला लाल खोलीत कोंडते. भयाने ती बेशुद्ध होते. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटावं म्हणून ती तेच आवडतं पुस्तक मागून घेते, आणि चित्रं बदललेली असतात. राक्षस आता सापळ्यासारखे भेसूर, बुटके दुष्ट, आणि गलिव्हर भयाण मुलखात एकटा भटकणारा माणूस. ती पुस्तक मिटते आणि न खाल्लेल्या गोड पदार्थाशेजारी ठेवून देते. माणसांच्या क्रौर्याचा अनुभव घेतल्यानंतरच गलिव्हर खरा वाचता येतो, हे ब्राँटीला कळलं होतं. स्विफ्टवर लिहिलेल्या मोठमोठ्या ग्रंथांत मला इतकं नेमकं क्वचित सापडलं.

चौथा प्रवास ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बंडखोर खलाशी गलिव्हरला एका अनोळखी किनाऱ्यावर सोडून देतात. त्या देशात राज्य करतात घोडे: विवेकी, शांत, खोटं बोलणं म्हणजे काय हेच माहीत नसलेले. आणि झाडांवर चढणारे, घाणीत लोळणारे, चमकत्या दगडांसाठी एकमेकांचे लचके तोडणारे प्राणी आहेत याहू. गलिव्हरला त्यांची किळस येते. हळूहळू त्याच्या ध्यानात येतं, की अंगावरचे कपडे काढले तर आपणही याहूच आहोत. घोड्यांनाही ते कळतं, आणि त्यांची सभा त्याला देश सोडायला लावते. तो घरी येतो. बायको मिठी मारते आणि तो घेरी येऊन पडतो. माणसाचा वास त्याला सोसत नाही. तो दोन घोडे विकत घेतो आणि रोज चार चार तास तबेल्यात त्यांच्याशी बोलत बसतो.

हे वाचून लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं शंभर वर्षांत वाढतच गेलं. स्विफ्टच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १७५२ मध्ये, लॉर्ड ऑररीने चौथ्या प्रवासाची कडक निंदा केली. विल्यम मेकपीस थॅकरेने १८५१ मध्ये इंग्रजी विनोदकारांवर जाहीर व्याख्यानं दिली तेव्हा तर श्रोत्यांना सरळ बजावलं, की शेवटचा भाग वाचूच नका. त्याचं तात्पर्य भयंकर, लाजिरवाणं आणि ईश्वरनिंदक आहे. थॅकरेचा आवाज त्या व्याख्यानात चढलेला आहे. तो स्विफ्टची थोरवी नाकारत नाही, उलट एखादं साम्राज्य कोसळताना पाहावं तसा त्याच्या ऱ्हासाकडे थक्क होऊन पाहतो. पण आपल्याला याहू म्हटलेलं त्याला सहन होत नाही. आणि का व्हावं? ज्याला ते सहन होतं त्याने ते स्वतःला लावून घेतलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. थॅकरेने लावून घेतलं. म्हणून त्याचा संताप मला कितीतरी कौतुकांपेक्षा मोलाचा वाटतो.

माझा आक्षेप आहे तो या संतापाने शोधलेल्या पळवाटेला. असं लिहिणारा माणूस वेडाच असला पाहिजे, असं लोक म्हणू लागले. स्विफ्टला तरुणपणापासून चक्कर येण्याचा आणि बहिरेपणाचा त्रास होता; कानाच्या आतल्या भागाचा तो विकार आज मेनियर या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखला जातो. म्हातारपणी त्याची स्मृती आणि वाचा गेली, आणि १७४२ मध्ये त्याच्या व्यवहारांसाठी पालक नेमावे लागले. या शेवटच्या तीन वर्षांवरून मागे जाऊन चौथ्या प्रवासावर वेडाचा शिक्का मारला गेला. पण चारही प्रवास १७२५ मध्येच लिहून पुरे झाले होते. तेव्हा तो डब्लिनचा सर्वांत कर्तबगार माणूस होता. कॅथीड्रलचा कारभार पाहत होता, सरकारला नमवत होता. हा माणूस मरताना आपली बहुतेक सगळी मिळकत मनोरुग्णांच्या इस्पितळासाठी ठेवून गेला. ते सेंट पॅट्रिक्स इस्पितळ १७५७ मध्ये उघडलं आणि आजही डब्लिनमध्ये चालू आहे. ज्यांना जग साखळ्यांनी बांधून ठेवत होतं त्यांच्यासाठी त्याने घर बांधलं, आणि जगाने त्यालाच त्यांच्यात जमा करून स्वतःची सुटका करून घेतली.

थॅकरेचा जन्म कलकत्त्याचा, १८११ मधला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत. स्विफ्टचा दुसरा मोठा वाचक जॉर्ज ऑर्वेल, त्याचा जन्म बिहारमधल्या मोतीहारीचा, १९०३ मधला. वडील सरकारच्या अफू खात्यात. हा योगायोग असेल, पण त्यावरून माझं मन लवकर हलत नाही, कारण गलिव्हरही याच वाटेवरचा प्रवासी आहे. दुसऱ्या प्रवासात तो ज्या जहाजावर चढतो ते निघालेलं असतं सुरतेला. वादळाने भरकटून तो राक्षसांच्या देशी पोहोचतो. तिसऱ्या प्रवासात त्याचं जहाज एप्रिल १७०७ मध्ये मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जला लागतं आणि आजारी खलाशांसाठी तीन आठवडे मुक्काम करतं. स्विफ्ट एका वर्षाचाही नव्हता तेव्हा, १६६८ मध्ये, मुंबई बेट कंपनीच्या हाती आलं. ज्या जहाजांनी आपला इतिहास बदलला त्यांच्यावरच्याच सर्जनची ही गोष्ट आहे. आपल्या शालेय आवृत्त्यांत ‘एका जहाजावर’ एवढंच होतं.

आणि पुस्तकाच्या अगदी शेवटच्या प्रकरणात ते पान येतं. शोधलेल्या देशांवर राजाचा झेंडा का रोवला नाहीस, या प्रश्नाला गलिव्हर उत्तर देतो. वादळात भरकटलेली चाच्यांची टोळी, डोलकाठीवरच्या पोराला दिसलेली जमीन. लुटायला उतरतात, निरुपद्रवी लोक भेटतात, ते प्रेमाने आदरातिथ्य करतात. टोळी देशाला नवं नाव देते, राजाच्या नावाने एखादी कुजकी फळी किंवा दगड उभा करते, दोन-तीन डझन माणसं मारते, एक-दोन नमुन्याला पकडून नेते, आणि मायदेशी तिला माफी मिळते. मग दैवी हक्काने मिळवलेल्या मुलखात जहाजं जातात, लोक हाकलले जातात, राजांचे छळ होतात, आणि या कसायांना रानटी लोकांना सुधारायला पाठवलेली वसाहत असं नाव मिळतं. हे १७२६ साली छापलेलं आहे. प्लासीच्या लढाईला अजून एकतीस वर्षं होती. हे पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे जाऊ शकले नाही. राग आला, आणि तो स्विफ्टवरचा नव्हता. इतकी वर्षं हे पुस्तक आपल्या हातात होतं, आणि नेमकं हेच आपल्याला कुणी दिलं नाही, याचा होता.

ऑर्वेल हा सगळ्यांत प्रामाणिक वाचक. वाढदिवसाला मिळायचा गलिव्हर त्याने आदल्या दिवशीच चोरून वाचला. आठ वर्षांचा व्हायला एक दिवस बाकी होता. पुढे आयुष्यभर तो हे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत राहिला. बाकी सगळी पुस्तकं नष्ट होणार असतील आणि सहाच वाचवायची असतील, तर त्यांत हे ठेवीन, असं त्याने १९४६ च्या निबंधात लिहिलं. आणि त्याच निबंधात त्याने स्विफ्टशी कडाडून भांडण केलं. घोड्यांचा तो आदर्श देश त्याला रूक्ष, निर्जीव, जिथे वेगळं बोलायला कुणाला जागाच नाही असा वाटला. जीवनाविषयीचा स्विफ्टचा तिटकारा त्याला पटत नाही, राजकारण तर मुळीच नाही. तरी त्याला सोडवत नाही. पटत नसलेल्या पुस्तकावर इतकं मनापासून प्रेम करणं, आणि त्याचं कारण स्वतःला विचारत राहणं, हे ज्याला जमलं तो वाचक थॅकरेच्या पुढे गेला.

चौथ्या प्रवासावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. एक पक्ष म्हणतो, गलिव्हरचा निष्कर्ष तोच स्विफ्टचा. माणूस याहूच आहे. दुसरा पक्ष म्हणतो, शेवटचा गलिव्हर गर्वाने भ्रमिष्ट झाला आहे आणि स्विफ्ट त्याच्याकडे बोट दाखवतो आहे. दुसऱ्या पक्षाचा मोठा साक्षीदार म्हणजे पेद्रो दे मेंडेझ हा पोर्तुगीज कप्तान. किनाऱ्यावर सापडलेल्या, कातड्यांचे कपडे घातलेल्या, घोड्यासारख्या आवाजात बोलणाऱ्या गलिव्हरला तो जेवू घालतो, स्वतःचे उत्तम कपडे देऊ करतो, लिस्बनला आपल्या घरी ठेवून घेतो, समजूत घालून बायको-मुलांकडे परत पाठवतो. बदल्यात काही मागत नाही. आणि गलिव्हर नाकात तंबाखू आणि वनस्पतींची पानं कोंबून त्याच्याजवळ उभा राहतो. मी या दुसऱ्या पक्षाकडे झुकते. पण पेद्रोचा आधार घेऊन याहूंपासून सुटलो असं मानलं, तर आपणही पान गाळण्याचंच काम करतो. पेद्रो आहे आणि ते वसाहतीचं पानही आहे, दोघांत थोडंसंच अंतर आहे. स्विफ्टने दोन्ही ठेवलं.

माझी भाची सातवीत असताना तिला मी हा प्रवास सांगितला होता, फारसं न गाळता. घोडे तिला आवडले, याहूंची घाण ऐकून ती खदखदून हसली. शेवट ऐकल्यावर म्हणाली, “आत्या, पण त्याच्या मुलांनी काय केलं होतं?” मी सांगितलं, की पाच वर्षांनी त्याने बायकोला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून जेवायची परवानगी दिली. “मग तो वाईट आहे,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने: “पण चाच्यांचं तो म्हणतो ते खरं आहे ना?” हो, म्हटलं. दोन्ही एकाच माणसाचं कसं, याचा तिला राग आला होता. तो तिने लपवला नाही आणि मी तो शमवायला गेले नाही.

दुष्काळी वर्षांनंतर, १७२९ मध्ये, स्विफ्टने ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ लिहिलं: गरिबांची तान्ही मुलं श्रीमंतांच्या ताटात वाढावीत, म्हणजे सगळ्यांचंच भलं होईल, अशी आकडेमोडीसह मांडलेली सूचना. डब्लिनच्या गेटी थिएटरचं १९८४ मध्ये पुन्हा उद्घाटन झालं, तेव्हा समारंभाच्या थाटामाटात पीटर ओटूल या नटाने रंगमंचावरून तेच वाचायला घेतलं. उत्तम कपडे घातलेल्या निमंत्रितांत चुळबुळ सुरू झाली, मग ओरडा, मग माणसं उठून चालती झाली. लेख अडीचशे वर्षांहून जुना, शाळा-कॉलेजात शिकवला जाणारा. उपरोध आहे हे त्यातल्या अनेकांना ठाऊक असणारच. तरी बसवेना. या बातमीवर लोक त्या प्रेक्षकांना नावं ठेवतात, यांना साहित्य कळत नाही म्हणून. मला तसं वाटत नाही. डब्लिनमधल्या कितीतरी खोल्यांत, कितीतरी वर्गांत, तो लेख शांतपणे ऐकून लोकांनी माना डोलावल्या असतील. त्या रात्री मात्र ऐकणाऱ्यांना ताटातलं मूल दिसलं.